मायक्रोटिक हेक्स: दोन ऑफिसांमधल्या फोनचा तुटका आवाज यानं सुधरतो का?

अंधेरी एमआयडीसीत ऑफिस, भिवंडीत गोदाम, फोर्टात अकाउंट्स, आणि तिन्हीकडे आयपी फोन, म्हणजे इंटरनेटच्या तारेवरून बोलणारे. मुंबईत अशी मांडणी आता घरोघरी म्हणावी इतकी झाली आहे, आणि तक्रारही ठरलेली: सकाळी बरं चालतं, दुपारनंतर आवाज तुटतो, समोरचा विहिरीतून बोलल्यासारखा येतो. मग कुणीतरी प्लॅन १०० चा २०० एमबीपीएस करून घेतो आणि फोन होता तसाच राहतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

मायक्रोटिक ही लॅटव्हियाची कंपनी. तिचा हेक्स हा पाच गिगाबिट पोर्टांचा छोटा राउटर, मॉडेल आरबी७५०जीआर३. वायफाय नाही, दिसायला साबणाच्या डबीएवढा, किंमत दहा हजारांच्या आत. निकाल आधीच सांगून टाकतो: या कामासाठी हा डबा उत्तम आहे, पण खोक्यातून काढून नुसता जोडला तर आवाजासाठी तो काहीही करत नाही. उलट त्याची मूळ सेटिंग या कामाच्या आड येते. इंटरनेटवर त्याच्याबद्दल एकाच वेळी "जबरदस्त" आणि "भंगार" अशी मतं दिसतात, त्यांचं मूळ बहुतेक इथेच आहे.

आधी हिशेब, म्हणजे प्लॅन वाढवून का भागत नाही ते कळेल. जी.७११ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीत, आवाज ६४ केबीपीएसचा. फोन दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट सोडतो, सेकंदाला ५०. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्त्याचे, झाले २००. ते वायरगार्डच्या बोगद्यातून, म्हणजे दोन ऑफिसांना इंटरनेटवरून जोडणाऱ्या कुलूपबंद वाटेनं, न्यायचे तर भरणीसह २०८, वर वायरगार्डचे ६०, म्हणजे २६८. त्यावर पीपीपीओई (इंटरनेटवाल्याकडे लॉगिन करायची पद्धत) आणि इथरनेटचे बाइट धरले तरी एका कॉलला एका दिशेनं १२० केबीपीएसच्या आत लागतात. एकदम दहा जण बोलत असले तरी सव्वा एमबीपीएसच्या आत. जागा कधीच कमी पडत नाही, कमी पडते ती वेळ. सीसीटीव्ही क्लाउडवर फुटेज चढवत असतो, डिझाइनवाला ड्राइव्हवर फाइल टाकत असतो, आणि इंटरनेटवाल्याच्या डब्यात अपलोडची रांग लागते. आवाजाचं पॅकेट त्या रांगेत शेवटी उभं राहतं. ते ३०० मिलिसेकंद उशिरा पोचलं तर फोनच्या लेखी हरवलंच.

म्हणून हेक्स विकत घेण्याआधी एक चाचणी करा, फुकट आहे. अंधेरीच्या कम्प्युटरवरून भिवंडीच्या राउटरला सलग पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. लाईन मोकळी असताना आकडा बघा. मुंबई-भिवंडी ५ ते १० मिलिसेकंद यायला हवा. मग दोनेक जीबीची फाइल ड्राइव्हवर चढवायला लावा आणि पिंगची खिडकी बघत राहा. ७, ८, ७ असं चाललेलं अचानक १८०, २६०, ३४० व्हायला लागलं आणि अपलोड थांबवताच पुन्हा ८ वर आलं, तर दोष अपलोडच्या रांगेचा आणि हेक्स हे त्याचं औषध. अपलोड चालू असो वा नसो, मधूनमधून "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येत असेल तर लाईन गळते आहे आणि कोणताही राउटर ती शिवू शकणार नाही. मोकळ्या लाईनवरही मुंबईतल्या मुंबईत ४०-५० मिलिसेकंद दिसत असतील तर दोन कंपन्यांमधली वाहतूक शहराबाहेर फिरून येते आहे. ट्रेसरूट करून पॅकेटचा मार्ग बघा. दोन्ही ऑफिसांना एकाच कंपनीची लाईन घेणं हा त्यावर सर्वात स्वस्त उपाय. पिंग सगळीकडे चोख आणि तरी एकाच ऑफिसातले आपसातले कॉलसुद्धा तुटत असतील तर केबल, स्विच, नाहीतर वायफायवरचे मोबाइल ॲप. तिथे हेक्स घेऊन पैसे वाया घालवू नका.

आता मांडणी. दोन्ही टोकांना एकेक हेक्स लागतो. इंटरनेटवाल्याच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यायचं, म्हणजे तो नुसती लाईन पुढे देईल, आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड हेक्समध्ये भरायचं. तो डबा ब्रिज करायला कंपनीचा माणूस टाळाटाळ करतो. चिकाटीनं करून घ्या, नाहीतर दुहेरी नॅट, म्हणजे पत्त्यांची दोनदा अदलाबदल, मागे लागतं. दोनपैकी निदान एका ऑफिसला पब्लिक आयपी हवा, तोही स्थिर. पीपीपीओईला मिळालेला आयपी १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर तुम्ही कंपनीच्या सामाईक नॅटमागे आहात. बाहेरून तुमच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही. स्थिर आयपीचे वर्षाचे पैसे भरा आणि मोकळे व्हा.

दोन्ही ऑफिसांत बहुतेक १९२.१६८.१ हीच पत्त्यांची मालिका असते, कारण इंटरनेटवाल्याचा डबा तसाच येतो. बोगदा टाकण्याआधी ती बदलायलाच हवी. अंधेरीत कम्प्युटर १०.१०.१०, फोन १०.१०.२०, भिवंडीत १०.२०.१० आणि १०.२०.२०, अशी साधी मालिका पुरते. फोनची वायर वेगळी असेल तर फोनचा पीओई (तारेतूनच वीज देणारा) स्विच हेक्सच्या पाचव्या पोर्टात घाला, तो पोर्ट हेक्सच्या आतल्या ब्रिजमधून, म्हणजे पोर्टांच्या गटातून, काढा आणि त्याला स्वतःची मालिका द्या. फोनच्या मागून कम्प्युटर जोडलेला असेल तर मात्र व्हीलॅन (एकाच तारेत दोन वेगळी नेटवर्क) करण्यावाचून गत्यंतर नाही.

विनबॉक्स हे हेक्सची सेटिंग करायचं सॉफ्टवेअर. पहिलं काम राउटरओएस ७ (हेक्सची ऑपरेटिंग सिस्टिम) ची स्थिर आवृत्ती चढवणं, मग सिस्टिम → राउटरबोर्डमध्ये जाऊन फर्मवेअर अपग्रेड करून रीबूट. हे दुसरं पाऊल निम्मे लोक विसरतात.

नंतर त्या मूळ सेटिंगकडे. आयपी → फायरवॉल → फिल्टर रूल्समध्ये फॉरवर्ड साखळीत "फास्टट्रॅक कनेक्शन" नावाचा नियम आधीपासून असतो. प्रोसेसरवरचा ताण कमी करायला तो चांगला आहे, पण त्यातून गेलेली पॅकेटं मँगलला (पॅकेटांना खुणा लावणारे नियम) आणि सिंपल क्यूला (रांगा लावणारे नियम) वळसा घालून जातात. म्हणजे तुम्ही तासभर खपून आवाजाला अग्रक्रम दिलेला असतो आणि ज्याला आवरायचं तो ड्राइव्हचा अपलोड रांगेला न विचारता शेजारून निघून जातो. ओळखायची खूण स्पष्ट आहे: फास्टट्रॅकचा हिशेब दाखवणाऱ्या वरच्या "डमी" नियमासमोर बाइटचा काटा झपाझप पळतो आणि तुमच्या क्यूसमोरचा आकडा जवळजवळ शून्यावर बसलेला. फास्टट्रॅकचा नियम डिसेबल करा. चालू असलेली जुनी कनेक्शनं तुटेपर्यंत फास्टट्रॅकवरच राहतात, म्हणून कनेक्शन यादी रिकामी करा किंवा सरळ रीबूट.

त्याच खिडकीत सर्व्हिस पोर्ट्स या टॅबवर एसआयपीची, म्हणजे कॉल जोडणाऱ्या-तोडणाऱ्या प्रोटोकॉलची, नोंद आहे, तीही बंद. ही नोंद म्हणजे एसआयपी एएलजी; तो मदतीला म्हणून येतो आणि पत्ते बदलून घोळ घालतो.

बोगदा एक नको, दोन करा. वायरगार्ड आतल्या पॅकेटवरची डीएससीपी ४६ ची (हा आवाज आहे, आधी सोडा, असं सांगणारी) खूण बाहेरच्या पाकिटावर उतरवत नाही. त्यामुळे टॅलीचा डेटा आणि फोन एकाच बोगद्यातून गेले की बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मायक्रोटिकमध्ये वायरगार्डचा ठरलेला पोर्ट १३२३१ आहे; तो कम्प्युटरांना ठेवा आणि फोनच्या मालिकेसाठी १३२३२ वर दुसरा बोगदा काढा. इनपुट साखळीत दोन्ही यूडीपी पोर्टांना परवानगी द्यायला विसरू नका, आणि ती ओळ शेवटच्या "ड्रॉप" नियमाच्या वर असू द्या. अलाउड ॲड्रेसमध्ये समोरच्या ऑफिसची मालिका हवी, राउट्समध्येही तीच. पब्लिक आयपी नसलेल्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद. एमटीयू (पॅकेटचं कमाल माप) १४२० आहे तोच राहू द्या, पीपीपीओईवर आयपीव्ही४ नं तो नीट बसतो.

आता मँगल, दोनच ओळी. साखळी पोस्टराउटिंग, आउट इंटरफेस पीपीपीओई, यूडीपी, एनी पोर्ट १३२३२, पॅकेट मार्क "आवाज", पासथ्रू बंद. दुसरी ओळ तीच साखळी, तोच इंटरफेस, बाकी काही अट नाही, मार्क "बाकी". एनी पोर्ट मुद्दाम, कारण नॅटमागच्या टोकाचा पोर्ट वाटेत बदललेला असू शकतो. मार्कची नावं राउटरमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.

मग क्यू ट्री. वरची क्यू पीपीपीओई इंटरफेसवर, मॅक्स लिमिट खऱ्या अपलोडच्या ९० टक्के. खरा म्हणजे दुपारी गर्दीच्या वेळी मोजलेला, पत्रकावरचा नव्हे. २० एमबीपीएस मिळत असतील तर १८ लिहा. ही मर्यादा लिहिली नाही तर खालचे अग्रक्रम कामच करत नाहीत, कारण रांग पुन्हा कंपनीच्या डब्यात जाऊन लागते. खाली दोन पोरं: "आवाज", प्रायॉरिटी १, लिमिट ॲट (हमीचा वेग) २, मॅक्स ४ एमबीपीएस, "बाकी", प्रायॉरिटी ८, लिमिट ॲट १, मॅक्स १८, प्रकार एफक्यू-कोडेल (रांग लांबू न देणारा). डाउनलोडसाठी कम्प्युटरांच्या ब्रिजवर आणखी एक क्यू, डाउनलोडच्या ९० टक्क्यांवर. फोन वेगळ्या पोर्टवर असल्यानं त्यांना ती शिवतच नाही. तीच मांडणी दुसऱ्या टोकाला करायची. एका बाजूला करून सोडली तर एका बाजूचा आवाज स्वच्छ आणि दुसऱ्याचा तुटका, आणि मग दोष फोनला दिला जातो.

हे झाल्यावर तीच पिंग-चाचणी पुन्हा करा, पण या वेळी फोनच्या मालिकेतून: पाचव्या पोर्टच्या स्विचला लॅपटॉप लावून समोरच्या फोनला पिंग. अपलोड चालू असताना आकडा ८ वरून १५-२० पर्यंत चढला तर सगळं जागेवर आहे. तेवढ्यानं फोनला काही होत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर बोलण्यात अडथळा जाणवत नाही. उशिरातला चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत आणि गळती एक टक्क्याच्या आत ठेवा. हे आकडे बहुतेक आयपी फोनच्या वेब पानावर चालू कॉलच्या स्टॅटिस्टिक्समध्ये दिसतात.

पेच सुटला नाही तर हेक्सचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. टूल्समधला पॅकेट स्निफर दोन्ही टोकांना एकाच वेळी चालवून फाइल काढता येते, आणि वायरशार्क या पॅकेट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टेलिफोनी → आरटीपी → आरटीपी स्ट्रीम्समध्ये गळती टक्क्यांत मिळते. स्निफर फोनच्या पोर्टवर लावा. वायरगार्डच्या बाहेर लावला तर सगळं कुलूपबंद दिसेल. अंधेरीतून निघताना पॅकेटं पूर्ण आणि भिवंडीत पोचताना तीन टक्के कमी, हा पुरावा घेऊन इंटरनेटवाल्याशी बोललात की "आमच्याकडून ओके आहे" हे उत्तर फार वेळ टिकत नाही. या किमतीत इतकी तपासणी करू देणारे डबे फार नाहीत.

हेक्सवर खापर फुटतं पण दोष दुसरीकडे असतो, अशा तक्रारींचाही हिशेब लावायला हवा.

एकाच बाजूनं ऐकू येतं. पीबीएक्समध्ये, म्हणजे ऑफिसच्या फोन एक्सचेंजमध्ये, "लोकल नेटवर्क" किंवा तत्सम नावाची यादी असते, तिथे समोरच्या ऑफिसची मालिका लिहिलेली नसते. मग पीबीएक्स भिवंडीच्या फोनला बाहेरचा समजतो आणि आवाज पाठवायला पब्लिक आयपी सांगतो. यादीत १०.२०.२० टाकलं की प्रश्न मिटतो.

कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कटतो. एसआयपीमध्ये कॉल उचलल्याची पोच परत आली नाही तर उचलणारी बाजू ३२ सेकंद वाट बघून फोन ठेवते. मूळ अर्धा सेकंद गुणिले ६४, हा प्रोटोकॉलमधलाच आकडा आहे. कारण पुन्हा एएलजी, नॅट किंवा चुकीचा पत्ता. १५ मिनिटांनी कटत असेल तर सेशन टायमर (कॉल जिवंत आहे ना हे ठरावीक वेळानं तपासणारा) बघा; मोठा टायमर १८०० सेकंदांचा आणि त्याचं नूतनीकरण निम्म्यावर.

फोन वाजतच नाही, पण लागला तर आवाज छान. एसआयपीचं निमंत्रण फार मोठं झालेलं असतं. फोनमध्ये आठ-दहा कोडेक आणि व्हिडिओ चालू ठेवला तर संदेश बोगद्याच्या मापात मावत नाही, तुकडे पडतात आणि वाटेत एखादा हरवतो. जी.७११ ए-लॉ आणि जी.७२२ एवढे दोन ठेवा, बाकी उडवा. आपल्याकडे टेलिफोन कंपन्या ए-लॉ वापरतात, त्यामुळे बाहेरच्या लाईनलाही रूपांतर लागत नाही. बँडविड्थ वाचवायला जी.७२९ लावायची सवय अजून अनेक टेक्निशियनना आहे. बोगद्यात त्याचे ८ केबीपीएस फुगून ५० च्या घरात जातात. वाचतं थोडं आणि आवाज मात्र पत्र्याचा होतो.

प्रतिध्वनी. हा ज्याला ऐकू येतो त्याच्या बाजूला दोष नसतो, समोरच्या टोकाला असतो. अंधेरीतल्या माणसाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर भिवंडीचा फोन बघा: स्पीकरफोनचा आवाज चढवलेला, नाहीतर जुन्या लाईनला जोडलेला गेटवे. गेटवेचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध) लाईनशी जुळत नसेल तर आवाजाचा काही भाग उलटा फिरतो. तिथे गेन ३ डेसिबलनं उतरवून बघा आणि इको कॅन्सलर चालू आहे ना ते तपासा. लाईनमध्ये पावसाळ्यात गुणगुण येत असेल तर ते डीपीतलं, म्हणजे टेलिफोन तारांच्या जोडपेटीतलं, पाणी आहे, राउटरशी त्याचा काडीचा संबंध नाही. मात्र उशीर कमी झाला की उरलेला प्रतिध्वनीही कमी बोचतो, तेवढा हेक्सचा फायदा.

वाक्याची सुरुवात खाल्ली जाते: सायलेन्स सप्रेशन (शांततेत पॅकेटं न सोडण्याची सोय) बंद करा, दोन्ही टोकांना.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या लाईनचं बघू. गच्चीवरून गच्चीवर टाकलेली फायबर जूनपासून सप्टेंबरपर्यंत कधीही दगा देते. हेक्सच्या दुसऱ्या पोर्टात वेगळ्या कंपनीची लाईन घालून डिस्टन्स (पसंतीचा क्रम) १ आणि २ असे दोन राउट करता येतात. चेक गेटवे ही लाईन तपासायची सोय मात्र कंपनीच्या जवळच्या डब्यालाच पिंग करते; तो डबा जिवंत आणि पुढची फायबर तुटलेली असली तर हेक्सला पत्ता लागत नाही. बाहेरच्या एखाद्या पत्त्यावरून रिकर्सिव्ह राउट लावावा लागतो. लाईन बदलली तरी जुनी यूडीपी कनेक्शनं यादीत चिकटून राहतात आणि बोगदा मेल्यासारखा पडून राहतो. लाईनवर लक्ष ठेवणाऱ्या नेटवॉचमध्ये १३२३१ आणि १३२३२ ची कनेक्शनं पुसणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. मँगल आणि क्यू दुसऱ्या इंटरफेससाठीही हव्यात. हे काम नवख्याचं नाही, आणि इथे हेक्सचे गुण कापावेच लागतात. वेब पानावर दोन टिकमार्क करून फेलओव्हर (एक लाईन गेली की दुसरी) देणारे राउटर आहेत. रांगांवरचा ताबा त्यात इतका बारीक मिळत नाही, पण ज्या ऑफिसात सांभाळायला कुणीच नाही तिथे तेच बरे.

आणखी उणिवा. आतली साठवण फक्त १६ एमबी, त्यामुळे राउटरओएस ७ चढवताना जागा अपुरी पडू शकते. अपग्रेडआधी फाइल्समधले जुने बॅकअप कम्प्युटरवर काढून तिथून पुसा. झीरोटिअरचं (पब्लिक आयपीशिवाय बोगदा काढणारं) पॅकेज या जातीच्या प्रोसेसरला मिळत नाही, म्हणजे दोन्ही टोकांना पब्लिक आयपी नसेल तर ती पळवाट बंद. फास्टट्रॅक बंद करून १००-२०० च्या लाईनवर हा राउटर आरामात चालतो. ५०० किंवा १००० ची लाईन घेऊन तिच्यावर सगळ्या क्यू लावल्या तर पूर्ण वेगाची आशा धरू नका. पहिला पोर्ट पॅसिव्ह पीओई घेतो, ३० व्होल्टपर्यंत. फोनचा ४८ व्होल्टचा इंजेक्टर त्यात चुकूनही घालू नका.

सुरक्षेचं एवढंच: पीबीएक्सचा ५०६० पोर्ट बाहेर उघडू नका. बोगदा असताना गरज नाही, आणि उघडा सापडला की रातोरात परदेशी कॉलचं बिल चढतं. विनबॉक्सचा ८२९१ सुद्धा बाहेरून बंद ठेवा. २०१८ साली त्यातल्याच एका भोकातून जगभरचे न अपडेट केलेले राउटर फोडले गेले होते. आणि ऑफिस-ते-ऑफिस बोलणं वेगळं, बाहेरचा कॉल इंटरनेटवरून नेऊन दुसऱ्या शहराच्या लाईनवर उतरवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला कायद्याची आडकाठी आहे. शाखा पुण्या-नाशिकला असेल तर टेलिफोन कंपनीला विचारल्याशिवाय तसा राउट पीबीएक्समध्ये लावू नका.

खरेदीला लॅमिंग्टन रोड आहेच, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाण्यासारखा. खोक्यावरचं मॉडेल वाचून घ्या. हेक्स लाइट दिसायला असाच आणि स्वस्त, पण त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे. हेक्स एसमध्ये फायबर मॉड्यूलची खाच जास्त आहे, फोनसाठी तिचा उपयोग नाही. हेक्सच्याच नावानं नवीन आर्म प्रोसेसरचं मॉडेलही आलं आहे, ५१२ एमबी रॅमचं. दोन्ही समोर असतील आणि फरक थोडा असेल तर ते घ्या, साठवणीची कटकट तिथे नाही. जीएसटीचं बिल आणि त्यावर सिरियल नंबर मागून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी दुकानदार ओळख दाखवत नाही. नव्या डब्यांचा ॲडमिन पासवर्ड खालच्या स्टिकरवर असतो. भिंतीवर ठोकण्याआधी त्याचा फोटो काढा. दोन ऑफिसांसाठी तीन नग घ्या. तिसऱ्यात भिवंडीची सेटिंग एक्स्पोर्टच्या मजकूर फाइलमधून चढवून ठेवा. सिस्टिम बॅकअपची फाइल त्याच डब्यासाठी असते, दुसऱ्यावर टाकली तर मॅक पत्त्यांचा गोंधळ होतो. चालू असलेल्या दोन्हींना यूपीएस द्या, आणि इंटरनेटवाल्याच्या फायबर डब्यालाही त्याच यूपीएसवर घ्या.